वाळूला जाऊन आलेली जीप

१

शनिवारी सकाळी मुलुंडला देवदत्तच्या सोसायटीत आम्ही जमलो तेव्हा नारळ माझ्या हातात होता. जीपपुढे तो फोडायचा, मग सामान भरायचं आणि रविवारी पहाटे कोकणची वाट धरायची, हा आमच्या ग्रुपचा शिरस्ता. त्या दिवशी नारळ तसाच पिशवीत परत गेला. जीपची चारही चाकं बसली होती.

अगदी जमिनीला टेकली नव्हती. पण टायर खालच्या बाजूने पसरले होते आणि त्यांच्या कडा कानशीने घासल्यासारख्या सोलवटल्या होत्या. एकाच्या अंगाला तर बोटभर लांब, वरवरची चीर गेली होती.

आम्ही कोण ते आधी सांगतो. मी नंदकुमार, घाटकोपरचा, बँकेतून निवृत्त. आमच्या ग्रुपचं नाव 'भरती-ओहोटी'. चारही चाकांना जोर मिळतो अशा गाड्या घेऊन वर्षातून एकदा सुरुंड्याला जायचं, तिथल्या एका खासगी सुरूबनामागे वाळूच्या टेकड्या आहेत, जागामालकाची आणि गावाची परवानगी काढायची आणि दोन दिवस त्या टेकड्या चढत-उतरत राहायचं, एवढाच या ग्रुपचा उद्योग. माझी बायको याला पोरकटपणा म्हणते. तिचं चुकत नाही, पण आम्हीही सुधारत नाही.

ग्रुप काढला देवदत्तने. सगळ्यांच्या पुढे त्याची जुनी हिरवी जीप असायची आणि तिच्या चाकोरीतून बाकीचे जायचे. गेल्या पावसाळ्यात देवदत्त गेला. बसल्या जागी गेला. सुनंदावहिनींनी जीप पुण्याच्या एका माणसाला द्यायचं ठरवलं, पण एक अट घालून. यंदाची सुरुंड्याची फेरी जीप करेल, शेवटची टेकडी चढेल आणि मग तिथूनच पुण्याला जाईल.

ती शेवटची टेकडी चढवायची होती प्रबुद्धने. मानखुर्दचा हा मुलगा एका इस्पितळात एक्स-रे काढतो. मूळचा वाशिमकडचा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो देवदत्तबरोबर. स्वतःची गाडी नाही, पण देवदत्तने त्याला जीपवर शिकवलं आणि म्हणायचा, माझ्यामागे हाच. प्रबुद्धने गेले काही महिने सुट्टीचा प्रत्येक दिवस साकीनाक्याच्या गॅरेजमध्ये त्या जीपखाली पडून घालवला. त्याला बाकी काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, काकांची जीप त्या टेकडीवर न्यायची होती.

"गुरुवारी मीच आणून लावली," तो म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. "धुऊन, पुसून. हवा तीस होती."

अंधेरीचा चंद्रप्रकाश गाडीभोवती एक फेरी मारून आला. त्याची गाडी सगळ्यांत नवी आणि आवाजही सगळ्यांत मोठा.

"किल्ल्या दोन," तो म्हणाला. "एक वहिनींकडे, एक याच्याकडे. वहिनींना गाडी येत नाही. आता पुढचं मीच बोलू का?"

प्रबुद्ध काहीतरी बोलेल म्हणून आम्ही सगळे थांबलो. त्याने एकदा वर, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

२

माझी थोरली बहीण इरावती तेवढ्यात टॅक्सीतून उतरली. ती बोरिवलीहून आमच्यासाठी चिवड्याचा डबा घेऊन आली होती. ताईने सारी नोकरी विमा कंपनीसाठी आपटलेल्या गाड्या तपासण्यात घालवली. गाडीला काय झालं हे मालक सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, गाडीला विचारायचं, असं ती म्हणते. आम्हाला ती वाळूतले किडे म्हणते, तो भाग वेगळा.

"काय रे नंदू, कोणी गेलं का? एवढे गप्प का सगळे?"

मी थोडक्यात सांगितलं. चंद्रप्रकाशने त्यात भर घातली. संध्याकाळी सहाला इथेच बैठक घ्यायची. तोवर प्रबुद्धने कबूल केलं नाही तर पुढची गाडी चंद्रप्रकाशची आणि प्रबुद्धचं नाव ग्रुपमधून कमी. जीपचं काय करायचं ते मग पाहू.

ताईने डबा माझ्या हातात दिला, साडी खोचली आणि जीपजवळ उकिडवी बसली. प्रबुद्धकडून हवा मोजायचा गेज मागून घेतला आणि चारही चाकं मोजली.

"सोळा," ती म्हणाली. "चारही. एखाद्यात अर्धा इकडे-तिकडे."

"वाळूत आम्ही सोळाच ठेवतो," मी सांगितलं. "हवा कमी केली की टायर पसरतो, रुतत नाही. वाळू संपली की परत तीस भरायची आणि मगच डांबरावर यायचं."

"आणि नाही भरली तर?"

"असं होतं." मी त्या सोलवटलेल्या कडांकडे बोट दाखवलं.

मग तिने पायाखालची चटई उचलली. खाली बारीक, पिवळसर वाळू होती. गेल्या रविवारी आम्ही उत्तनच्या पुढे एका मित्राच्या फार्महाऊसमागच्या वाळूत सरावाला गेलो होतो, पण त्यानंतर जीप धुतली होती. म्हणजे ही वाळू ताजी होती. ताईने पुढच्या चाकांच्या मधोमध असलेले हब पाहिले. आमच्या जुन्या जीपला ते हाताने फिरवून लावावे लागतात, तेव्हा पुढच्या चाकांना जोर मिळतो. हब लावलेले होते. आत गिअरच्या काठीशेजारचा, चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडाही पुढे ढकललेला होता.

"हे डांबरावर असं चालतं?"

"चालतं कसलं. स्टिअरिंग दगडासारखं होतं. गाडीचे हाल होतात."

मागे हवा भरायचा कंप्रेसर होता. त्याच्या पिशवीला प्रबुद्धने बांधलेली दोरी होती, गाठ न सुटलेली.

गेटवरचा कॅमेरा गणपतीपासून बंद होता. पण वॉचमनला आठवत होतं. "शुक्रवारी दुपारी गेली ना जीप. उन्हं कलताना आली. मी तर सलाम ठोकला आधी. साहेबांची ती मोठी टोपी डोक्यावर, तोंडाला रुमाल. मग आठवलं, साहेब तर नाहीत आता. मला वाटलं प्रबुद्धभाऊ असतील. पण ते नेहमी थांबून विचारतात, चहा झाला का म्हणून. त्या दिवशी काही थांबले नाहीत."

 देवदत्तची ती टोपी टेकडीमागून वर आली की आम्हाला कळायचं, पुढे वाट आहे. मी तिच्या वाटेकडे डोळे लावून बसायचो. आता कोणीतरी ती घालून फिरत होतं आणि मला क्षणभर, वेड्यासारखं, वाटून गेलं की तोच असेल.

"टोपी कुठे असते?" ताईने विचारलं.

"जीपमध्येच," प्रबुद्ध म्हणाला. "मागच्या खुंटीला. मी हलवली नाही."

खुंटीवर टोपी नव्हती.

३

ताईने एकेकाला आवारातल्या बाकावर बोलावलं. आधी चंद्रप्रकाश आला.

"तुम्हाला पुढे राहायचं होतं म्हणे?"

"होतं. का नसावं? माझ्याकडे गाडी आहे, अनुभव आहे. हा आला दुसऱ्याच्या गाडीवर शिकून आणि एकदम पुढे? पण मला काही करायचं असतं ना ताई, तर मी सरळ भांडलो असतो. लपूनछपून आपल्याला जमत नाही."

हे मात्र खरं होतं. चंद्रप्रकाशने आयुष्यात एकही गोष्ट हळू आवाजात केलेली मला आठवत नाही.

मग आली गंधाली. दहिसरची, आमच्या ग्रुपमधली एकटी बाई, आणि गाडी चालवण्यात आम्हा निम्म्या लोकांना भारी. ती घरून काम करते आणि तिचा राग नाकावर असतो.

"मला हवी होती ही जीप," ती म्हणाली. "काकूंनी आधीच पुण्याला शब्द दिला होता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझी होणार नाही म्हणून मी तिची अशी वाट लावीन?"

"समजा तू शेवटचं एकदा फिरवून आणलीस. गुपचूप."

"आणली असती तरी हवा न भरता डांबरावर? काकू, झोपेतसुद्धा नाही होणार आमच्याकडून. वाळूच्या कडेला आलं की हात आपोआप कंप्रेसरकडे जातो. चपला न घालता घराबाहेर पडतो का आपण?"

"घाई असेल तर?"

"घाई असेल तर निदान हब तरी सोडतो. दांडा तरी मागे घेतो. अशी गाडी हाकायला हात दुखून येतात हो." गंधाली जरा थांबली आणि हसली. "देवदत्तकाका तर आम्हाला तोंडपाठ करायला लावायचे. हब, दांडा, हवा. वाळूच्या कडेला पोचलं की घरी फोन करून काकूंनापण तेच ऐकवायचे. पोचलो, हब लावले, दांडा पुढे, हवा सोळावर आणली, आता उतरतोय, रेंज जाईल, ठेवतो. दर वर्षी शब्दही बदलला नाही. आम्ही त्यांची नक्कल करायचो."

 ताईने गंधालीला जायला सांगितलं आणि ती जीपकडे पाहत बसली. मग म्हणाली, "नंदू, तो मुलगा खोटं बोलतोय."

४

प्रबुद्ध समोर येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"शुक्रवारी दुपारी कुठे होतास?"

"मी जीप नेली नाही, काकू."

"ते विचारलं नाही मी. कुठे होतास?"

"ते राहू द्या."

"अरे बाबा," मी मध्ये पडलो, "एवढं साधं आहे. मित्राबरोबर होतास, सिनेमाला होतास, काय ते सांग ना. हे लोक तुला काढून टाकतील. उद्या पुढे चंद्रप्रकाश असेल. तुला चालेल?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही चालणार, काका. मी त्या टेकडीची स्वप्नं पाहतो. काका म्हणायचे, वर पोचलास की एंजिन बंद कर आणि ऐक. मला ते ऐकायचंय." एवढं बोलून त्याने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. "पण राहू द्या."

तो गेला. मला त्याचा संतापही आला आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं.

"बघितलंस?" मी ताईला म्हणालो. "तूच म्हणालीस ना, खोटं बोलतोय?"

"खोटं नव्हे, लपवतोय. त्याच्या इस्पितळात तुझ्या ओळखीचं कोणी आहे?"

एक डॉक्टर ओळखीचे होते. मी फोन लावला. ते हसून म्हणाले की शुक्रवारी एक्स-रेला तोबा गर्दी होती आणि प्रबुद्ध दिवसभर खोलीबाहेरसुद्धा पडला नव्हता. दुपारचा डबा त्याने उभ्याने खाल्ला होता.

मी फोन ठेवला. म्हणजे प्रबुद्ध निर्दोष होता, आणि ते सिद्ध करायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. तरी तो ते बोलला नव्हता. मी धावत सगळ्यांना सांगायला निघालो तर ताईने माझा दंड धरला.

"थांब. त्याने का नाही सांगितलं, याचा आधी विचार कर. किल्ल्या किती?"

५

ताई मला घेऊन वर निघाली. तिसरा मजला येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं, की मला ते लक्षात यायलाच नको होतं, देव जाणे.

दार सुनंदावहिनींनी उघडलं. माहेरच्या माणसासारखं ताईला आत घेतलं. सकाळपासून त्या खाली आल्या नव्हत्या. आम्हीच त्यांना फोनवर म्हटलं होतं की टायरचं थोडं काम निघालंय, काळजी करू नका. नवरा गेलेल्या बाईला कशाला त्रास, असा आमचा शहाणपणा.

"झालं का हो टायरचं काम?" त्यांनी मला विचारलं.

"होतंय," मी म्हणालो.

चहा आला. ताई प्रवासाला कंटाळल्याचं सांगत बसली. घोडबंदर रोडने टॅक्सीवाल्याने आणलं, पुलाचं काम चाललंय, तासभर तिथेच.

"हो ना," वहिनी म्हणाल्या, "आणि त्या चढावर मागचा अगदी चिकटून उभा राहतो. आपली गाडी जरा मागे आली तर काय करायचं माणसाने."

"खरंय," ताई म्हणाली आणि बशीत चहा ओतत सहज विचारलं, "सुनंदा, देवदत्त सुरुंड्याहून आला की तुला सगळं सांगायचा का गं? कशी गाडी काढली, कसे परत निघाले?"

"छे. जाताना फोन करायचा तिथून. येताना कसला फोन. दमून यायचा आणि आंघोळ करून झोपायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिस." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "जायची मात्र केवढी धांदल. महिनाभर आधी. मी खिडकीत उभी राहायची. गेटबाहेर जीप वळेपर्यंत टोपी दिसायची."

ताईने कप खाली ठेवला.

"नंदू," ती मला म्हणाली, "सकाळी जीप बघितली तेव्हाच मला एक गोष्ट खटकली. जीप कोणाला बिघडवायची असती तर त्याने टायर फाडले असते. इथे चारही चाकांत मोजून सोळा. म्हणजे ज्याने नेली त्याचा जीपवर राग नव्हता, त्याने मनापासून, शिकवल्यासारखं केलं. हब लावले, दांडा पुढे, हवा सोळा. आणि मग परतताना यातलं एकही काम केलं नाही. कंप्रेसरची गाठसुद्धा सोडली नाही. तुमच्यापैकी कोणी हे करूच शकत नाही, गंधाली म्हणाली तसं. परक्या माणसाला हवा सोळावर आणायचं सुचलं नसतं. मग जाण्याचं सगळं ठाऊक आणि येण्याचं काहीच ठाऊक नाही, असं कोण?"

 आता मला कळलं होतं.

"स्टिअरिंग जड लागलं असेल," ताई वहिनींकडे वळून हळू आवाजात म्हणाली. "तुला वाटलं असेल, जीप अशीच असते. आणि चढावर गाडी मागे येण्याची धास्ती मागे बसणाऱ्याला नसते गं. क्लचवर पाय असलेल्याला असते. कधी शिकलीस?"

सुनंदावहिनींनी हातातला कप टीपॉयवर ठेवला. 

"दिवाळीनंतर," त्या म्हणाल्या. "स्टेशनजवळच्या क्लासमध्ये. लेकीलासुद्धा नाही सांगितलं. या वयात, हसतील सगळे." मग एकदम घाबरून, "पण जीप मी नीट आणून ठेवली हो. कुठेही घासली नाही. काय झालंय तिला?"

मी सांगितलं. टायरचं सांगितलं, आणि प्रबुद्धचंही. प्रबुद्धचं ऐकल्यावर त्या उठून उभ्याच राहिल्या.

"त्याच्यावर? आणि तो काही बोलला नाही?"

"तो सकाळी जीप बघताक्षणी समजला असणार," ताई म्हणाली. "त्याने स्वतःचा पुरावा दिला असता तर एकच किल्ली उरली असती. म्हणून नाही दिला."

वहिनींनी पदराने तोंड झाकलं. मग अगदी बारीक आवाजात बोलल्या.

"दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी तू. आधी सासूबाई आजारी होत्या. मग लेकीची दहावी. मग माझे गुडघे. पुढच्या वर्षी. आता जीपच जाणार म्हटल्यावर मला राहवेना. सुरुंडं कुठलं मला झेपायला, पण उत्तनची सरावाची जागा ठाऊक होती. म्हटलं एकदा बघून यावं, काय आहे एवढं तिथे. फोनवर सांगायचा तसं सगळं केलं. आणि उतरले वाळूत."

"आणि?" ताईने विचारलं.

"आवडलं गं." त्या रडत होत्या आणि ओठ मात्र हसायला बघत होते. "गाडी अशी तरंगल्यासारखी होते, पोटात गोळा येतो. मी मोठ्याने ओरडले एकटीच. इतकं आवडलं, की मला त्याचा भयंकर राग आला. वाटलं होतं, जाऊन बघितलं की कळेल, यात काही नाही, उगाच झुरले मी. तसं काही झालं नाही. आता तर जास्तच झुरायला होतंय."

ताईने वहिनींच्या पाठीवर हात ठेवला. मला कुठे बघावं कळेना म्हणून मी चहाच्या कपात बघत राहिलो.

"चला खाली," वहिनी एकाएकी म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

६

सहा वाजायला आले होते. सगळे बाकांभोवती उभे होते, चंद्रप्रकाश मध्यभागी. प्रबुद्ध एका बाजूला, आपलं सामान पिशवीत भरून तयार. वहिनींना येताना पाहून तो पुढे धावला.

"काकू, तुम्ही कशाला आलात? वर जा ना."

"तू गप्प बस," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांकडे वळून, स्पष्ट आवाजात, "जीप मी नेली होती शुक्रवारी. टोपीही माझ्याकडेच आहे. परत येताना हवा भरायची असते हे मला माहीत नव्हतं. प्रबुद्धचा यात काही संबंध नाही. तो दिवसभर इस्पितळात होता."

 खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. चंद्रप्रकाशचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता आणि तो पाहायला मला आवडलं, हे कबूल करतो.

तो प्रबुद्धसमोर गेला. "सॉरी यार," म्हणाला. आमच्या कोणाच्याही आठवणीत पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू होता. "मी जास्त बोललो. उद्या पुढे तूच." मग पुढे काय बोलावं ते न सुचून त्याने गाडीची किल्ली काढली. "साकीनाक्याला टायरवाला ओळखीचा आहे. बंद करायच्या आत गाठतो. गंधाली, चल, साइझ तुला माहितीये."

दोघं गेले. प्रबुद्ध वहिनींजवळ उभा होता.  शेवटी म्हणाला, "मला सांगायचं ना काकू. मी आलो असतो बरोबर."

"तुला सांगितलं असतं तर तू चालवली असतीस," त्या म्हणाल्या. "मला चालवायची होती."

मग त्याने मान हलवली आणि सामानाची पिशवी पुन्हा सोडायला बसला. फावडी, दोरखंड, रुतल्यावर चाकाखाली घालायच्या फळ्या, एकेक वस्तू तो पुसून जीपमध्ये ठेवायला लागला.  ताई जाऊन त्याच्या मदतीला बसली. ही बाई आयुष्यात वाळूत उतरलेली नाही, पण दोरखंड कसा गुंडाळायचा यावर तिने त्याच्याशी लगेच वाद सुरू केला.

मी वहिनींना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. आम्ही दोघं त्या जाळीसमोर उभे राहिलो. त्यांना काहीतरी बरं वाटेल असं बोलावं, असं मला फार वाटत होतं.

"भावजी," त्याच बोलल्या, "सुरुंड्याला त्याच्या शेजारी कोण बसायचं?"

"कोणी नाही, वहिनी." मला हायसं वाटलं, कारण याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते चांगलं होतं. "डावीकडची जागा तो कोणाला द्यायचा नाही. मी एकदा बसायला गेलो तर मागे पाठवलं. सामानसुद्धा ठेवू द्यायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, ती सुनंदाची. इतकी वर्षं तो तुमची जागा रिकामी घेऊन फिरला."

मला वाटलं होतं, त्यांना भरून येईल. त्या जाळीतून वर बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत आता पाणी नव्हतं.

"रिकामी जागा नेण्यापेक्षा मला न्यायचं होतं ना, भावजी."

  लिफ्ट खाली आली. मी दार ओढून धरलं. त्या आत गेल्या, बटण दाबायला हात उचलला आणि तसाच ठेवला.

"उद्या किती वाजता निघता?"

"पाचला."

"प्रबुद्धला सांगा, मी येतेय," त्या म्हणाल्या. "टेकडी त्याने चढवायची. तिथपर्यंतच्या रस्त्याला मात्र मी."

लिफ्ट वर गेली. मी खाली उभा राहून मजल्यांचे दिवे एकेक लागताना पाहत राहिलो, आणि देवदत्त गेल्यापासून पहिल्यांदा मला त्याच्यावर मनापासून चिडता आलं.